रामिंगिनिंगचा मुक्काम

एक कृष्णधवल फोटो आहे. पसरलेलं पाणी, त्यात पुरुषभर उंच गवत, आणि झाडाच्या सालीच्या अरुंद होड्यांमध्ये उभी असलेली दहा माणसं. हातात लांब काठ्या. मॅगपाय गूज नावाच्या पाणपक्ष्याची अंडी गोळा करायला ती निघाली आहेत. ऑस्ट्रेलियाच्या अगदी उत्तर टोकाला, अर्नहेम लँडमधल्या अराफुरा दलदलीत, १९३०च्या दशकाच्या मध्यावर डोनाल्ड थॉमसन या मानववंशशास्त्रज्ञाने हा फोटो काढला. त्यानंतर साठेक वर्षांहून अधिक काळ लोटला आणि डेव्हिड गुलपिलिल या अभिनेत्याने तो रॉल्फ डी हीर या पटकथाकार-दिग्दर्शकासमोर ठेवला. सिनेमात दहा होड्या हव्यात, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. डी हीर यांच्याकडे तेव्हा ना गोष्ट होती, ना पात्रं.

त्यातून २००६ साली ‘टेन कनूज’ (दहा होड्या) हा चित्रपट आला. संपूर्ण संवाद ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी भाषांमध्ये असलेला तो पहिला कथापट. कान महोत्सवाच्या ‘अं सर्तें रिगार’ विभागात त्याला परीक्षकांचं विशेष पारितोषिक मिळालं. पण मी या प्रकरणाकडे पारितोषिकासाठी वळले नाही. बाहेरचा लेखक एखाद्या वंचित समाजात मुक्काम ठोकून त्यांची गोष्ट लिहितो, तेव्हा पानावर काय काय घडतं, हे इतकं उघडपणे दिसेल असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. कागदोपत्री ही ‘रेसिडेन्सी’, म्हणजे एखाद्या संस्थेने ठरवून दिलेला लेखन-निवास, नव्हती. अर्ज नव्हता, निवड समिती नव्हती, सहा आठवड्यांची मुदतही नव्हती. एका माणसाने दुसऱ्याला आपल्या गावी बोलावलं आणि तो जात राहिला.

गाव म्हणजे रामिंगिनिंग. डार्विन शहरापासून पूर्वेला पाचेकशे किलोमीटर, वस्ती आठशे-नऊशे माणसांची. पावसाळ्यात रस्ता बंद झाला की महिनोन्‌महिने विमान किंवा बोट एवढाच मार्ग. इथले लोक योल्ङू. (हा शब्द रोमन लिपीत लिहायचा तर ‘एन’ला शेपटी जोडून वेगळं अक्षर घ्यावं लागतं. आपल्याकडे ‘ङ’ मुळाक्षरांच्या तक्त्यावर बिनकामाचा पडून असतो. तो इथे अगदी जागच्या जागी बसतो.) गोऱ्या माणसाला ते ‘बलांडा’ म्हणतात. हा शब्द ‘हॉलंडर’वरून आला आहे. सुलावेसी बेटावरचे मकासारचे व्यापारी समुद्रकाकडी हा समुद्री प्राणी गोळा करायला या किनाऱ्यावर येत. त्यांची ओळख डच लोकांशी होती आणि त्यांच्या तोंडून तो शब्द इथे रुजला. डी हीर यांचा जन्म नेदरलँड्समधला, लहानपणीच ते ऑस्ट्रेलियात आले. म्हणजे त्या गावात शब्दाच्या मूळ अर्थानेही ते बलांडाच होते.

गुलपिलिल यांच्याविषयी थोडं सांगायलाच हवं, नाहीतर हे निमंत्रण कशाचं होतं ते कळणार नाही. योल्ङूंमधल्या मंधलपिंगु कुळातला हा मुलगा, उत्तम नाचणारा. किशोरवयात त्याला एका ब्रिटिश दिग्दर्शकाने निवडलं आणि १९७१च्या ‘वॉकअबाउट’मधून तो जगाला दिसला. पुढची तीस वर्षं ऑस्ट्रेलियन सिनेमात आदिवासी माणूस हवा असला की गुलपिलिल. कधी वाट दाखवणारा, कधी माग काढणारा, कधी गूढ नजरेने दूर पाहणारा. २००२ सालच्या ‘द ट्रॅकर’मध्ये डी हीर यांनीच त्यांना मुख्य भूमिका दिली. तीही माग काढणाऱ्याचीच होती, पण या वेळी गोष्टीचा कासरा त्याच्या हातात होता. त्या काळात डी हीर पहिल्यांदा रामिंगिनिंगला गेले. आता माझ्या भूमीवर, माझ्या माणसांना घेऊन सिनेमा कर, अशी गुलपिलिल यांची मागणी पुढे आली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टीत वाटाड्या म्हणून वावरलेल्या माणसाने केलेली ही मागणी होती.

आता फोटोकडे परत. थॉमसन १९३५मध्ये अर्नहेम लँडमध्ये आले, त्यामागे रक्ताचा इतिहास आहे. त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत कॅलेडन उपसागराच्या परिसरात काही जपानी मासेमार आणि एक पोलीस शिपाई मारले गेले होते. सरकारात दंडात्मक मोहीम काढण्याची भाषा सुरू झाली होती. आदिवासी वस्त्यांवर अशी मोहीम म्हणजे काय, हे ऑस्ट्रेलियात सगळ्यांना ठाऊक होतं. दक्षिणेतल्या शहरांतून विरोध झाला आणि थॉमसन यांनी स्वतः जाऊन या लोकांना समजून घेण्याची तयारी दाखवली. ते राहिले, चालले, शिकले, आणि हजारो फोटो काढले. त्यांचा संग्रह आज मेलबर्नच्या संग्रहालयात आहे. पण रामिंगिनिंगमध्ये त्या फोटोंना संग्रहालयातली वस्तू म्हणून कुणी पाहत नाही. म्हातारी माणसं बोट ठेवून सांगतात, हा माझा आजा, हा तिचा बाप. त्या काळाला त्यांनी नाव दिलंय: ‘थॉमसन टाइम’. बलांडांचं जग पुरतं अंगावर येण्याआधीचा तो काळ.

पटकथाकाराची अडचण इथेच सुरू झाली.

गावाला काय हवं होतं ते स्वच्छ होतं. अंड्यांची ती शिकार जशी होत असे तशी पडद्यावर यावी. साल कशी काढायची, होडी कशी बांधायची, दलदलीत झाडांवर माच कसे रचायचे, मगरी खाली फिरत असताना वर कसं झोपायचं, कसं शिजवायचं, हे सगळं. म्हणजे पोरं बघतील. पण त्या शिकारीत नाट्य नाही. दहा माणसं जातात, अंडी गोळा करतात, परत येतात. डी हीर यांनी त्यात भांडण आणावं, खून आणावा, पळवापळवी आणावी, तर गावाचा त्याला स्पष्ट नकार. ती फोटोतली माणसं काल्पनिक नव्हेत, नावानिशी ओळखली जाणारी आहेत. त्यांच्या हातून न घडलेली हिंसा त्यांच्या नावावर घालायची नाही.

दुसरा नकार रंगाचा. थॉमसन टाइम त्यांनी पाहिलेला आहे तो कृष्णधवल. त्यामुळे सिनेमाही कृष्णधवल हवा. इकडे पैसा लावणाऱ्यांशी झालेल्या करारात लिहिलेलं की चित्रपट रंगीत असेल.

म्हणजे लेखकाच्या एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला करार आणि समोर नव्वद मिनिटं बसून राहणारा प्रेक्षक. अशा वेळी लेखक सहसा काय करतो हे मला स्वतःच्या अनुभवातून माहीत आहे, म्हणून इथे थोडी थांबते.

काही वर्षांपूर्वी मी एका लेखन-निवासासाठी अर्ज केला होता. मराठवाड्यातल्या एका पालावर महिनाभर राहून पटकथेचा पहिला खर्डा करायचा, असं त्याचं स्वरूप. अर्जातला पहिलाच मोठा रकाना कथासाराचा. पाचशे शब्दांत. मी त्या पालावर पाऊलही ठेवलं नव्हतं आणि गोष्ट कशी संपते ते लिहून देत होते. गेले, राहिले. तिथल्या एका आजींचा माझ्यावर जीव बसला. एका रात्री त्यांनी त्यांच्या तरुणपणातली एक घटना सांगितली आणि शेवटी म्हणाल्या, “बाई, हे कागदावर घेऊ नगंस. आमच्यातच ऱ्हाऊ दे.” मी मान डोलावली. खर्डा द्यायची तारीख जवळ आली तेव्हा मी नाव बदललं, गाव बदललं, आजींची मावशी केली आणि ती घटना मध्यंतराच्या जागी बसवली. वाचणाऱ्यांना तोच भाग सगळ्यात आवडला. त्यानंतर मी तो काढून टाकला. तो काढल्यावर खर्ड्यात उभं राहण्यासारखं काही उरलंच नाही. दोष संस्थेच्या अर्जाचाही होता, पण मान डोलावून लिहायला बसले ती मी. आजींच्या नकाराला मी वाटेतला दगड समजले, तो वळसा घालून टाळायचा एवढंच डोक्यात होतं. त्या नकाराभोवतीच गोष्ट बांधता येते का, हा प्रश्न मला तेव्हा सुचलासुद्धा नाही. रामिंगिनिंगचं प्रकरण मी अभ्यासायला घेतलं ते त्यानंतर.

डी हीर यांनी दोन्ही नकार जसेच्या तसे स्वीकारले आणि पटकथेचा सांगाडाच त्यांवर उभा केला. सिनेमात दोन काळ आहेत. पहिला थॉमसन टाइम: कृष्णधवल, अंड्यांची शिकार, शांत. त्यात तणाव एवढाच की डायिंडी नावाच्या तरुणाचा जीव थोरल्या भावाच्या धाकट्या बायकोवर जडलाय. थोरला भाऊ मिन्यिगुलुलु हे ओळखून आहे. तो रागावत नाही, हात उगारत नाही. साल काढता काढता, होडी वल्हवता वल्हवता तो धाकट्याला एक गोष्ट सांगायला लागतो, पार जुन्या काळातली, पूर्वजांच्याही पूर्वजांची. तो दुसरा काळ, आणि तो रंगीत. तिथे सगळं घडू शकतं, कारण तो कुणाच्या आज्या-पणज्याचा काळ नाही. तिथे रिजिमिरारिल नावाच्या माणसाला तीन बायका आहेत, त्याच्या धाकट्या भावाचा तिसरीवर डोळा आहे, एक परका माणूस वस्तीवर येतो, दुसरी बायको नाहीशी होते, संशय घोंघावतो, भाला चुकीच्या माणसाला लागतो आणि सूड फेडण्याचा विधी करावा लागतो.

करारात रंगीत म्हटलंय, रंगीत आहे. गावाला कृष्णधवल हवंय, तेही आहे. आणि नेहमीच्या सिनेमातला संकेत इथे उलटा झालाय. अन्यत्र जुना काळ फिका होतो, इथे जितकं मागे जावं तितके रंग गडद होतात. ही शैलीची हौस वाटली असती तर मला तिचं एवढं अप्रूप वाटलं नसतं. ती दोन ‘नाही’ एकाच वेळी पाळण्यातून निघाली आहे.

या बांधणीत आपल्याला ओळखीचं काही आहे. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण करतात आणि उत्तररंगात आख्यान लावतात. समोर बसलेल्या माणसाच्या वागण्यावर थेट बोट ठेवायचं नाही, हरिश्चंद्राची नाहीतर ध्रुवाची कथा सांगायची. ज्याला लागायचं त्याला लागतं. मिन्यिगुलुलु धाकट्या भावासाठी आख्यानच लावतो आणि घाई करत नाही. डायिंडी विचारतो, पुढे काय झालं? उत्तर म्हणून काम सुरू राहतं, गोष्ट थांबते. शहरी प्रेक्षकाला हे खटकतं. योल्ङू गोष्ट अशीच सांगितली जाते, फांद्या फुटत. पटकथेने ती फांदी-फांदीने वाढू दिली, छाटून सरळ केली नाही. डी हीर यांच्या लेखणीचं मला सगळ्यात मोल वाटतं ते इथे.

तिसरा नकार पात्रनिवडीतला, आणि तो गावाने तोंडाने उच्चारण्याचीही गरज पडली नाही. फोटोतली माणसं ओळखली गेली होती. ज्यांचे ते पूर्वज, त्यांचा त्या होडीवर हक्क. अभिनय कुणाला येतो, चेहरा कुणाचा चांगला, हे प्रश्न दुय्यम. मग नात्यांचं गणित. योल्ङू समाज दुवा आणि यिरिट्जा अशा दोन भागांत वाटलेला आहे. माणूसच नव्हे, झाड, पक्षी, पाणवठा, वारा, सगळं यातल्या एका भागाचं. सोयरिक नेहमी दुसऱ्या भागाशी. आपल्याकडे सगोत्र चालत नाही म्हणतात, त्याच्या कितीतरी पट घट्ट ही वीण आहे. पडद्यावर नवरा-बायको व्हायचं तर प्रत्यक्षातही ते नातं ‘चालणारं’ हवं. नाटकापुरतं, सिनेमापुरतं, असा अपवाद नाही. त्यामुळे काही भूमिकांसाठी निवड करायला माणसंच मोजकी उरली. पटकथाकाराला पात्रं लिहून त्यांत माणसं बसवता आली नाहीत. माणसं ठरली आणि त्यांच्या अंगाने पात्रं आली. मिन्यिगुलुलुची भूमिका करणाऱ्या वयस्क माणसाचं नाव पीटर मिन्यिगुलुलु. मधावर जीव टाकणारा जाडा बिरिनबिरिन साकारला रिचर्ड बिरिनबिरिन यांनी.

होड्यांचं वेगळं सांगायला हवं. अशा सालीच्या होड्या बांधणं कित्येक दशकांपूर्वी थांबलं होतं. अ‍ॅल्युमिनियमच्या बोटी आल्या, कशाला कोण सोलतंय झाड? ज्यांच्या हातांना आठवण होती असे फार थोडे म्हातारे उरले होते. निलगिरीच्या जातीच्या झाडाची अखंड साल उतरवायची, विस्तवावर शेकून मऊ करायची, टोकं दुमडून शिवायची. यात साल एका जागी फाटली की सगळं गेलं. पटकथेत हे काम दृश्य म्हणून येतं तेव्हा ती सजावट वाटत नाही, कारण गोष्ट सांगायला लागणारा वेळ आणि साल तयार व्हायला लागणारा वेळ हा एकच वेळ आहे. गावाने मागितलेला कौशल्याचा धडा लेखकाने कथेचा कणा केला. ज्या दृश्यांना निर्माता ‘माहितीपटासारखं’ म्हणून कात्री लावेल, तीच दृश्यं इथे कथा वाहून नेतात.

चित्रीकरण २००५मध्ये कोरड्या हंगामाच्या सुरुवातीला झालं. कॅमेऱ्यासकट माणसं कमरेएवढ्या पाण्यात, जळवा आणि डास, आणि मगरींवर नजर ठेवायला वेगळी माणसं. याचं वर्णन खूप ठिकाणी साहसकथेसारखं होतं. त्यात मी जात नाही. गावकऱ्यांसाठी ते रोजचं पाणी होतं.

त्याहून महत्त्वाची घटना चित्रीकरणाच्या आधी घडली होती. ज्यांच्या बोलावण्यावरून हे सगळं सुरू झालं ते गुलपिलिल बाजूला झाले. ते मुख्य भूमिका करणार होते, दिग्दर्शनातही त्यांचा वाटा असणार होता. गावातले गुंतागुंतीचे ताण, वेगवेगळ्या घरांचे हक्क, त्यात त्यांची स्वतःची जागा: अर्धं आयुष्य बाहेर काढलेला, प्रसिद्ध झालेला माणूस. रामिंगिनिंगचेच पीटर जिगिर सहदिग्दर्शक झाले. डायिंडीच्या भूमिकेत आले गुलपिलिल यांचे पुत्र जेमी.

अशा मुक्कामांविषयी बोलताना ही गोष्ट आपण नेहमी झाकतो. आपल्याला एखाद्या वस्तीत नेणारा माणूस, मग तो तिथला शिक्षक असो, कार्यकर्ता असो की शहरात येऊन नाव कमावलेला कलावंत, तो म्हणजे वस्ती नव्हे. त्याचेही तिथे वाद असतात, येणी-देणी असतात, कधी त्याचं बोलणंच तिथे चालत नाही. त्याच्या खांद्यावरून पाहून लिहिलेली पटकथा तो दूर झाला की कोसळते. रामिंगिनिंगमध्ये ती कोसळली नाही, कारण तोवर दहा होड्यांमागे दहा घरं उभी होती.

आणि गुलपिलिल पूर्णपणे गेले नाहीत. चित्रपट तयार झाल्यावर निवेदनाचा आवाज त्यांचाच लागला. तो आवाज पहिल्याच मिनिटात परीकथेच्या थाटात सुरुवात करतो आणि लगेच हसून मोडतो: ही तुमच्या पद्धतीची गोष्ट नाही, माझी आहे. ज्याला गोष्टीच्या आत जागा मिळाली नाही तो गोष्ट सांगणारा झाला. माझ्या मते ती त्यांच्यासाठी अधिक योग्य जागा होती, पण ती कुणी योजून दिलेली नव्हती.

भाषेबद्दल दोनच गोष्टी. कलाकार एकाच भाषेत बोलत नव्हते. त्या भागात माणसं आपापल्या भाषेत बोलतात आणि समोरच्याची समजून घेतात. बेळगावच्या बाजारात मराठी प्रश्नाला कानडी उत्तर येतं आणि व्यवहार अडत नाही, तसं. इंग्रजीत लिहिलेल्या पटकथेतलं दृश्य समजावून द्यायचं आणि बोलणं त्यांच्या तोंडात घडू द्यायचं, असं काम चाललं. म्हणजे संवादलेखक म्हणून डी हीर यांनी स्वतःचा हक्क सोडला. दुसरी गोष्ट, चित्रपटाच्या तीन आवृत्त्या निघाल्या. एकीत निवेदन इंग्रजी आणि संवादांना इंग्रजी सबटायटल्स. दुसरीत निवेदनही योल्ङू भाषेत, खाली सबटायटल्स. तिसरीत सगळं योल्ङू भाषांत आणि खाली एक अक्षर नाही.

आता जे मला पटत नाही ते.

चित्रपटावर नाव आहे ‘रॉल्फ डी हीर आणि रामिंगिनिंगचे लोक’. हे मोठं आहे, आपल्याकडे मी असं श्रेय पाहिलेलं नाही. पण त्या वर्षी ऑस्ट्रेलियन फिल्म इन्स्टिट्यूटच्या पुरस्कारांत ‘मूळ पटकथे’चा मान मिळाला तो एकट्या डी हीर यांना. नियमाप्रमाणे असेल. कथा कुणाची, सांगण्याची पद्धत कुणाची, कोणतं दृश्य येणार नाही हे ठरवलं कुणी, आणि ‘मूळ’ पटकथा कुणाची? हा प्रश्न पुरस्कारांच्या रकान्यात मावत नाही, आणि मावत नाही म्हणून आपण तो विचारायचं सोडून देतो. आपल्याकडे तो आणखी बोचरा आहे. मांगांकडेच मागून जगणारे डक्कलवार मांगांचं पुराण मांगांपुढेच सांगत आले. वारल्यांच्या लग्नात धवलेरीनेच, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईनेच, गाणी म्हणायची असतात. कोणी, कुणापुढे, केव्हा सांगायचं याचे कायदे तिथे आधीच आहेत. मुक्कामाला गेलेला पटकथाकार ‘मौखिक परंपरा’ असा एक शब्द लिहितो आणि ते कायदे त्या शब्दाखाली पुरून टाकतो.

दुसरं, बायका. चित्रपटातल्या बायका बोलक्या आहेत, टोमणे मारतात, भांडतात, नवऱ्याला वठणीवर आणतात. पण गोष्ट पुरुषांची, होड्या पुरुषांच्या, सांगणारा आणि ऐकणारा पुरुषच. थॉमसन पुरुष होता, डी हीर पुरुष, जिगिर पुरुष. बायकांचं ज्ञान बायकांकडेच राहणार अशा समाजात पुरुष लेखकाला जे दिसतं ते अर्धंच. गावाला पुरुषांची शिकार दाखवायची होती आणि गावाचा शब्द पाळला गेला, हे खरं. तरीही नाहीशी झालेली दुसरी बायको नोवालिंगु परत येते तेव्हा ती कुठे होती, तिच्यावर काय गुदरलं, हे तिच्या तोंडून फार थोडं येतं. मी त्या जागी दर वेळी अडखळते. तिथे एखादी स्त्री-पटकथाकार मुक्कामाला गेली असती, तर कदाचित तिला वेगळ्या होड्या दिसल्या असत्या.

काम तिथे संपलं नाही, हेही नोंदवायला हवं. ‘इलेव्हन कनूज’ या नावाने गावातल्या तरुणांना व्हिडिओचं प्रशिक्षण सुरू झालं. ‘ट्वेल्व्ह कनूज’ म्हणून गावाच्या इतिहासावर आणि जगण्यावर बारा छोटे चित्रपट झाले. होड्यांचा आकडा पुढे वाढत राहिला. मुक्कामाचा हिशेब मांडायचा तर मी इथून मांडेन. कॅमेरा गावात राहिला का, एवढं पाहीन.

आणि तरी. चित्रपट प्रदर्शित झाला जून २००६मध्ये. बरोबर वर्षाने, जून २००७मध्ये, केंद्र सरकारने नॉर्दर्न टेरिटरीतल्या (रामिंगिनिंग याच प्रांतात) आदिवासी वस्त्यांवर ‘इंटरव्हेन्शन’ लादलं. लष्कर उतरलं, दारूबंदी आली, सरकारी मदतीचे पैसे कशावर खर्च करायचे यावर नियंत्रण आलं. हे सगळं करता यावं म्हणून वांशिक भेदभावविरोधी कायद्याची अंमलबजावणी त्यापुरती स्थगित केली गेली. ज्यांच्या पूर्वजांवर जगाने वर्षभर टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांना वाण्याच्या दुकानात काय घ्यायचं ते सरकार सांगू लागलं. पटकथा हे थांबवू शकत नाही. लेखकाने निदान परत जावं. डी हीर परत गेले. गुलपिलिल तेव्हा आयुष्याच्या फार वाईट वळणावर होते, तुरुंगातही होते. त्या भेटींतून, दोघांच्या बोलण्यातून एक पटकथा झाली, ‘चार्लीज कंट्री’. या वेळी लेखक म्हणून दोघांचीही नावं आहेत. स्वतःच्याच गावात परका झालेला, भाला बाळगला म्हणून पोलिसांनी अडवलेला म्हातारा चार्ली गुलपिलिल यांनी केला, आणि २०१४च्या कानमध्ये ‘अं सर्तें रिगार’चा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार त्यांना मिळाला. आधीच्या पटकथेच्या श्रेयावर मी जो आक्षेप घेतला, त्याचं थोडं उत्तर इथे आहे. ते यायला सात-आठ वर्षं आणि खूप जुनी मैत्री लागली. आपल्याकडचा कुठलाच निवास एवढा वेळ देत नाही, पण तिथून उठून आल्यावर पुन्हा जायला कुणी बंदीही केलेली नसते. मी त्या पालावर पुन्हा गेले ते तीन वर्षांनी. आजी तोवर गेल्या होत्या.

दहा होड्यांच्या चित्रपटात गोष्ट सुरू होण्याआधी गुलपिलिल यांचा आवाज एका पाणवठ्याबद्दल बोलतो. जन्माआधी आपण त्या पाणवठ्यात छोट्या माशासारखे होतो, बाप तिथून गेला, मग आपण आईच्या पोटी आलो, आणि मेल्यावर पुन्हा त्याच पाण्यात जाऊन वाट बघत राहणार. गुलपिलिल यांचं २९ नोव्हेंबर २०२१ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात, घरापासून हजारो किलोमीटर दूर निधन झालं. पुढे त्यांच्या माणसांनी त्यांना उत्तरेला, अर्नहेम लँडमधल्या त्यांच्या भूमीवर, त्या पाण्याजवळ परत नेलं.